वाचकांचे प्रश्न : आपल्यामागे आपल्याला कोण आठवणार?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत आणि मजकूर थोडा संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : मी ६३ वर्षांचा असून एका बँकेतून निवृत्त झालो आहे. पत्नी काही वर्षांपूर्वी गेली. आम्हाला मूलबाळ नाही. ती गेल्यानंतरचा काळ मी कसा काढला, हे मला नीट सांगताही येणार नाही. सकाळी अंथरुणातून उठावे असे काही कारणच सापडत नसे. पुढे गावच्या घरात तिच्या आणि माझ्या नावाने वाचनालय सुरू करावे असे मनात आले आणि तेव्हापासून मी पुन्हा माणसांत आलो. पुस्तकांच्या याद्या करतो, कपाटांसाठी सुताराकडे खेटे घालतो, दारावर लावायच्या संगमरवरी पाटीचा मजकूरसुद्धा ठरवून ठेवला आहे. मात्र परवा पुतण्या म्हणाला, "काका, हे सगळं नावासाठी चाललंय. तुमच्यामागे कोण बघायला येणार आहे, पाटीवर कोणाचं नाव आहे ते?" त्याचे बोलणे लागले, कारण त्यात तथ्य आहे. आमचे श्राद्ध घालणारे कोणी नाही, तेव्हा निदान पाटीवर तरी नाव राहावे असे मला वाटते, हे मी नाकारत नाही. 'देहे त्यागिता कीर्ति मागे उरावी' असे समर्थांनीही सांगितलेच आहे. मेल्यावर आठवण राहावी एवढ्यासाठी जगणे हा अहंकार आहे का? आणि उरलेल्या आयुष्याला हा आधार पुरेल का? (एक वाचक, वाई तालुका)

उत्तर : पुतण्याच्या बोलण्यात दोन आरोप एकमेकांत मिसळले आहेत. आपण हे नावासाठी करता, हा एक. आणि नाव राहणारच नाही, हा दुसरा. दुसरा आधी घेऊ, कारण त्याबाबत पुतण्याचे म्हणणे बरेचसे बरोबर आहे आणि ते बरोबर असल्याने आपले फारसे काही बिघडत नाही.

श्राद्ध घालणारे कोणी नाही ही आपली खंत समजण्यासारखी आहे, परंतु त्या विधीची रचनाच एकदा पाहावी. पिंड दिले जातात ते वडील, आजोबा आणि पणजोबा या तिघांना. घरातला कर्ता माणूस गेला की सपिंडीकरणात त्याचा पिंड त्याच्या वडील, आजोबा, पणजोबांच्या पिंडांत मिसळतात. त्यानंतर मुलगा जे तीन पिंड देऊ लागतो, त्यांत या तिघांपैकी सर्वांत जुन्याला जागा उरलेली नसते. तिघांच्या पलीकडचे पूर्वज लेपभागी मानले आहेत, म्हणजे पिंड देताना हाताला जे चिकटून राहते तेवढ्यावर त्यांचा हक्क. मुले, नातवंडे, पतवंडे असा गोतावळा असला, तरी नावानिशी आठवण राहते ती तीन पिढ्या, हे धर्मशास्त्राने अगोदरच गृहीत धरले आहे. ज्यांना पुत्र नाही त्यांचा विचारही या परंपरेने आपल्याला वाटतो त्यापेक्षा अधिक केला आहे. तर्पणाच्या अखेरीस वस्त्र पिळून जे पाणी सोडतात, ते आमच्या कुळात जन्मून जे अपुत्र मेले त्यांच्यासाठी, असे तो मंत्रच सांगतो. माघ शुद्ध अष्टमीच्या भीष्मतर्पणात भीष्मांचा उल्लेख 'अपुत्र' असाच आहे, आणि ते पाणी देण्यासाठी कोणाला त्यांच्या गोत्राचे असावे लागत नाही. (वस्त्र पिळून निघालेल्या पाण्यावर समाधान का मानावे, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच आहे, पण त्या लोकांचा विसर पडू दिलेला नाही, एवढे खरे.)

आता पाटीविषयी. आपल्याच तालुक्यातील किकलीला भैरवनाथाच्या देवळाभोवती वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेले दगड, आहेत. त्यांच्या माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असतात. जोवर चंद्र-सूर्य आहेत तोवर या वीराची कीर्ती राहो, अशी त्यांमागची भावना. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षरे नाहीत. कोण लढला आणि त्याच्यामागे कोण रडले, ते आज सांगता येत नाही. कित्येक गावांत या दगडांना शेंदूर लागून त्यांचे देव झाले आहेत. याउलट कार्ल्याच्या बौद्ध लेण्यातल्या चैत्यगृहात, म्हणजे प्रार्थनेच्या दालनात, नावे आहेत आणि ती स्पष्ट कोरलेली आहेत. कोणी खांब दिला, कोणी दाराचे काम केले, हे तेथे लिहिलेले आहे. धेनुकाकट नावाच्या गावच्या एका सुताराचे नावसुद्धा त्यांत आहे. पण ब्राह्मी लिपी वाचण्याची विद्या मध्यंतरी लोपली आणि १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप यांनी ती उलगडेपर्यंत शतकानुशतके ती नावे सर्वांच्या डोळ्यांसमोर असूनही कोणाला वाचता येत नव्हती. आज ती वाचता येतात, तर ते धेनुकाकट नेमके कोठे होते यावर अभ्यासकांचे एकमत नाही. दगडाच्या टिकाऊपणावर फार विसंबू नये, एवढ्यासाठी हे सांगितले. पाटी जरूर लावावी, मात्र ती लहान असावी. तिचा खर्च वाचला तर आणखी एक कपाट होईल.

यापुढचा विचार महाभारताच्या वनपर्वातील एका कथेत इतका नेमका आहे की ती थोडी विस्ताराने सांगणे मला योग्य वाटते. इंद्रद्युम्न नावाचा राजा पुण्य संपल्यामुळे स्वर्गातून खाली येतो आणि पुण्य संपण्याचे कारण असे की पृथ्वीवर त्याची कीर्ती लुप्त झाली आहे. तो चिरंजीव मार्कंडेयांकडे जाऊन विचारतो, आपण मला ओळखता का? मार्कंडेय नाही म्हणतात. त्यांच्याहून वृद्ध असे एक घुबड हिमालयात राहत असते, त्यालाही राजा आठवत नाही. घुबडाहून वृद्ध असलेला नाडीजंघ नावाचा बगळा एका सरोवरावर राहतो. त्या सरोवराचे नावच इंद्रद्युम्न सरोवर आहे, आणि तरीही बगळा म्हणतो की या राजाला मी ओळखत नाही. अखेर त्या सरोवरातील अकूपार नावाच्या अतिवृद्ध कासवाला बोलावतात. कासव क्षणभर विचार करते, त्याचे डोळे भरून येतात आणि ते हात जोडून म्हणते, मी यांना कसा ओळखणार नाही? यांनी हजारदा यज्ञ केले, आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाईंच्या पायांनी जमीन तुडवली जाऊन हे सरोवर झाले. मी यातच राहतो. तेवढ्या साक्षीवर राजासाठी स्वर्गातून विमान येते. पुण्यकर्माचा शब्द जोवर पृथ्वीवर आहे तोवरच माणूस माणूस म्हटला जातो, अशा अर्थाचा श्लोक तेथे आहे.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने या कथेतला बगळा मला फार महत्त्वाचा वाटतो. नाव त्याच्या पत्त्यातच आहे, आणि तरी त्याला माणूस माहीत नाही. कासवाला माहीत आहे, कारण त्याचे जगणेच त्या पाण्यावर चालले आहे. शिवाय ते सरोवर राजाने काही योजून खोदलेले नव्हते. दान देताना गाई चालल्या आणि खड्डा पडला. आपण कशासाठी आठवले जाऊ हे ठरवणे आपल्या हातात फारसे नसते. आपल्या वाचनालयात पुढे एखादी मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करण्यापुरती येऊन बसेल आणि आपण प्रेमाने जमवलेल्या कादंबऱ्यांना हातही लावणार नाही. तिच्या लेखी आपण पंखा आणि शांतता देणारे गृहस्थ असाल. हे मान्य होत असेल तर काम पुढे न्यावे. होत नसेल, तर पुतण्याच्या पहिल्या आरोपाकडे वळावे लागेल.

आपण समर्थांची ओळ दिलीत, पण अर्धीच दिलीत. तो श्लोक पुढे 'मना चंदनाचे परी त्वां झिजावे, परी अंतरी सज्जना नीववावे' असा जातो. कीर्ती मागे उरावी या इच्छेला समर्थांनी नावे ठेवलेली नाहीत, उलट तिला 'हेचि क्रिया धरावी' म्हटले आहे; परंतु ती पुरी होण्याची रीत झिजण्याची आहे आणि निवायचे आहे ते दुसऱ्याचे अंतःकरण. पाश्चात्त्य विचारांतही हे दोन्ही पक्ष भेटतात. मानववंशशास्त्रज्ञ अर्नेस्ट बेकर यांनी १९७३ साली असे मांडले की माणसाचा पुष्कळसा पराक्रम आपण मरणार या जाणिवेवरचा बचाव असतो. पुतण्याने हे वाचले नसले तरी तो त्यांच्याच बाजूने बोलत आहे. त्याआधी, १९५० साली, मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी प्रौढ वयाचा पेच वेगळ्या रीतीने सांगितला होता : माणूस पुढच्या पिढीसाठी काही घडवतो, किंवा स्वतःभोवतीच साचून राहतो. घडवण्यात त्यांनी केवळ स्वतःची मुले धरली नव्हती. शिकवणे, संस्था उभारणे, एखादे कसब पुढे देणे, हे सारे त्यात आले. मला या दोघांत निवड करण्याचे कारण दिसत नाही. विहीर कोणी मरणाच्या भयाने खोदली म्हणून तिचे पाणी खारट होत नाही. अहंकाराची परीक्षाच घ्यायची असेल तर स्वतःला एक साधा प्रश्न विचारावा : पाटीवर नाव न लावण्याच्या अटीवर कोणी आपल्या वाचनालयाला दुप्पट पुस्तके देऊ केली, तर आपण काय कराल? उत्तर द्यायला वेळ लागला तरी हरकत नाही. वेळ लागतो, हे माणसाचेच लक्षण आहे.

आधार पुरेल का, हा प्रश्न मात्र व्यवहाराचा आहे. एका माणसाच्या उत्साहावर चाललेली गावोगावची वाचनालये त्या माणसाबरोबरच बंद पडलेली आपण पाहतो. जी टिकली ती संस्था झाल्यामुळे टिकली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन झाले. ते उभे करणाऱ्यांत वि. ल. भावे होते, मराठी वाङ्मयाच्या इतिहासातले मोठे नाव. आज तेथे पुस्तक बदलायला येणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, ते मला सांगवत नाही, पण पुस्तक बदलले जात आहे. तेव्हा सुताराकडच्या फेऱ्यांबरोबर पुढील कामेही सुरू करावीत. गावातल्याच चार-पाच माणसांना, शक्यतो आपल्याहून वीस-तीस वर्षांनी लहान असलेल्यांना, विश्वस्त म्हणून बरोबर घ्यावे आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात न्यासाची नोंदणी करावी. घराची जागा न्यासाच्या नावे करायची की केवळ वापरायला द्यायची, हे वकिलाला विचारून आताच ठरवावे, कारण पुढे वाद होतो तो बहुधा येथेच. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली शासनमान्यता मिळाली तर अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळते. ते फार नसते आणि वेळेवर येईलच असे नाही, पण मान्यतेमुळे दप्तर ठेवण्याची शिस्त लागते. पुतण्यालाही विश्वस्त करून पाहावे. जो इतके स्पष्ट बोलतो, तो हिशेबालाही चोख निघण्याचा संभव असतो.

आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. वाचनालयाचे उद्घाटन झाल्यावर, गर्दी ओसरल्यावर, पत्नीच्या जाण्यानंतरची ती अवस्था परत येऊ शकते. हातात काम आहे तोवर ती दूर राहिली, म्हणजे ती गेलीच असे नाही. झोप, भूक आणि जगण्याची इच्छा पुन्हा मंदावू लागली, तर ते मनोबल कमी पडल्याचे चिन्ह न समजता डॉक्टरांना दाखवावे. शासनाच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

प्रश्न : मी ३१ वर्षांची आहे. लहानपणापासून ख्यालगायकी शिकले, आता घरी शिकवण्या घेते आणि अधूनमधून लहान मैफलींत गाते. मी मोठी गायिका होणार नाही, हे आता मला कळून चुकले आहे. मी गेल्यावर माझे गाणे कोणाच्या आठवणीत राहणार नाही, हे दिसत असताना पहाटे उठून रियाज करण्याची उमेद राहत नाही. जे टिकणार नाही ते कशासाठी करायचे? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : पहाटे पाच वाजता तंबोरा जुळवताना आजवर आपल्याला खरोखर शंभर वर्षांनंतरची माणसे आठवत होती का, हे आधी आठवून पाहावे. मला तसे वाटत नाही. मरणोत्तर आठवण हा असा मोबदला आहे की तो घ्यायला आपण हजर नसतो, आणि म्हणून रोजच्या कष्टाला तो पुरत नाही. आपली उमेद खचली आहे ती बहुधा आज दाद मिळत नाही म्हणून. हे दुःख खरे आहे आणि त्याला त्याच्याच नावाने हाक मारलेली बरी. ते भविष्यावर ढकलले की त्यावर काही उपायच उरत नाही.

मार्कस ऑरेलियस हा रोमन सम्राट इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात स्वतःपुरत्या लिहिलेल्या टिपणांत म्हणतो की मरणोत्तर कीर्तीसाठी तळमळणाऱ्याला हे लक्षात येत नाही की त्याची आठवण काढणारे सगळेही लवकरच मरणार आहेत. आपल्याकडे 'मरे एक त्याचा दुजा शोक वाहे, अकस्मात तोही पुढे जात आहे' हे शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. शिवाय नुसते आठवले जाणे ही स्वतःत काही मोठी गोष्ट नव्हे. इसवी सनपूर्व ३५६ मध्ये हेरोस्ट्राटस नावाच्या माणसाने केवळ आपले नाव राहावे म्हणून इफिससचे आर्टेमिस देवीचे भव्य मंदिर जाळले. त्याचे नाव कोणी घेऊ नये असा ठराव नगरीने केला, तरी थिओपॉम्पस या इतिहासकाराने ते नोंदवलेच, आणि मलाही आज ते लिहावे लागत आहे.

आपल्या विद्येत तर आठवणीची सोय फार वेगळी आहे. अठराव्या शतकात दिल्लीच्या मुहम्मदशहाच्या दरबारातील नियामत खाँ यांनी 'सदारंग' ही मुद्रा, म्हणजे बंदिशीत गुंफलेले रचनाकाराचे टोपणनाव, घालून जे ख्याल रचले, ते आपणही शिकल्या असाल आणि शिकवतही असाल. मुद्रा म्हणून ते नाव आज कोठे ना कोठे रोज गाइले जाते, पण गाणाऱ्याच्या मनात त्या वेळी नियामत खाँ नसतात, त्या रागाची जागा असते. आणि हे तर मुद्रा असलेल्यांचे झाले. एखाद्या बंदिशीतली मींड अशीच घ्यायची, समेवर असे अलगद यायचे, हे आपल्या गुरूंनी ज्यांच्याकडून घेतले त्यांच्यापैकी कित्येकांची नावे आपल्यालाच माहीत नसतील. त्यांचा गळा मात्र आपल्या गळ्यात आहे. शिकवणाऱ्या बाईंकडे हे काम मैफल गाजवणाऱ्या कलावंतापेक्षा अधिक असते, हे मी आपली समजूत घालण्यासाठी म्हणत नाही. घराण्यांची वाटचाल पाहिली तर कितीतरी दुवे अशा शिकवणाऱ्यांचेच दिसतात. उमेद परत आणण्यासाठी माझी सूचना एवढीच की काही दिवस स्वतःचा रियाज एकटीने न करता एखाद्या विद्यार्थिनीला समोर बसवून करावा.

प्रश्न : माझे वय ७६. कॅन्सरचे निदान होऊन काही महिने झाले. डॉक्टरांनी मुलाला जे सांगितले ते त्याने मला सांगितले नसले, तरी मला समजायचे ते समजले आहे. मुलगा-सून प्रेमाने करतात, पण मी काही मागचे-पुढचे बोलू लागले की "असं अभद्र बोलू नका" म्हणून विषय बदलतात. मला माझ्या आयुष्यातल्या काही गोष्टी नातवंडांसाठी मागे ठेवायच्या आहेत. ती अमेरिकेत, मुलीकडे वाढली. मराठी बोललेले समजते, वाचता येत नाही. मी काही मोठी बाई नाही, त्यामुळे लिहून ठेवण्यासारखे काय आहे, अशीही शंका येते. पण हा विचार सुचल्यापासून मला बरे वाटू लागले आहे, हेही खरे. याला वेडेपणा म्हणावा का? (एक आजी, कोल्हापूर)

उत्तर : आजी, आपल्याला जे आपसूक सुचले, त्याचा वैद्यकशास्त्रात रीतसर अभ्यास झालेला आहे. कॅनडातील विनिपेगचे मनोविकारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव्ह यांनी आयुष्याच्या अखेरीला पोहोचलेल्या रुग्णांसाठी एक पद्धत बसवली. रुग्णाशी ठरावीक प्रश्नांच्या आधारे संवाद करायचा, तो ध्वनिमुद्रित करायचा, शब्दशः उतरवून नीटनेटका करायचा, रुग्णाला वाचून दाखवून त्याच्याकडून दुरुस्त करून घ्यायचा आणि मग रुग्ण सांगेल त्याच्या हाती द्यायचा. २००५ साली त्यांनी १०० रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतल्या ६८ टक्के रुग्णांना आपल्या जगण्याला अधिक प्रयोजन आल्यासारखे वाटले आणि ४७ टक्के रुग्णांनी जगण्याची इच्छा वाढल्याचे सांगितले. पुढे २०११ मध्ये कॅनडा, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या देशांत अधिक काटेकोर तुलना झाली, तेव्हा मनःस्तापाच्या मोजमापांत इतर उपचार घेणाऱ्यांपेक्षा लक्षणीय फरक आढळला नाही. तरीही या रुग्णांनी स्वतः मात्र त्याचा आपल्याला अधिक उपयोग झाला असे नोंदवले. म्हणजे हे काही औषध नव्हे, पण आपल्याला बरे वाटते आहे ते मनाचे खेळ म्हणून सोडून देण्यासारखेही नाही.

लिहिण्यासारखे काय आहे, या शंकेला त्या पद्धतीतले प्रश्नच उत्तर देतात, कारण त्यांत कर्तृत्व हा अनेकांपैकी एक प्रश्न आहे. आयुष्यातला कोणता काळ सर्वांत जास्त आठवतो; आपण खरोखर जिवंत आहोत असे केव्हा वाटले; घरच्यांनी आपल्याविषयी काय लक्षात ठेवावे; कोणाला काही सांगायचे राहून गेले आहे का, किंवा सांगितलेले पुन्हा सांगायचे आहे का; जगताना काय शिकायला मिळाले; मागच्यांसाठी काय इच्छा आहे. मी यांत आपल्याकडचे काही भर घालीन. माहेरचे घर कसे होते, त्यात कोण कोण राहत असे. लग्न होऊन आलात तेव्हा या घरातली पहिली रात्र कशी गेली. घरातल्या भांड्यांवर जी नावे आणि तारखा घातलेल्या आहेत, ती माणसे कोण आणि ते भांडे कोणत्या निमित्ताने आले. हे शेवटचे किरकोळ वाटेल, परंतु आपल्यानंतर त्या नावांचा अर्थ लावणारे घरात कोणी उरणार नाही आणि ती भांडी एक दिवस मोडीत जातील.

नातवंडांना मराठी वाचता येत नाही, तर मग लिहूच नका. बोला. मोबाइलमध्ये आवाज साठवण्याची सोय असते. ती एकदा कोणाकडून तरी शिकून घ्यावी, किंवा शेजारच्या एखाद्या कॉलेजातल्या मुलीला जवळ बसवावे, म्हणजे समोर ऐकणारे कोणी तरी असेल. समोर माणूस नसताना बोलणे फार जणांना जमत नाही. अगदी चांगले म्हणजे नातवंडांनीच फोनवरून आपल्याला प्रश्न विचारावेत आणि ते संभाषण मुलीने साठवून ठेवावे, कारण त्यांना काय जाणून घ्यायचे आहे ते आपल्याला इथे बसून कळणार नाही. त्यांना कदाचित आपल्या कष्टांपेक्षा आपण शाळेत कोणाला मारले होते त्यात अधिक रस असेल. कोल्हापुरी बोलता तसेच बोला, प्रमाण भाषेच्या भानगडीत पडू नका. जुन्या फोटोंच्या मागे नावे घालायची असतील तर ती पेन्सिलीने हलक्या हाताने घालावीत. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

दोन गोष्टी मात्र यात येऊ देऊ नयेत. घर, दागिने, पैसे यांची वाटणी या आवाजात सांगू नये. त्यासाठी इच्छापत्र वेगळे करावे. ते साध्या कागदावर चालते, त्याची नोंदणी सक्तीची नाही, पण त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये. दुसरी गोष्ट जुन्या तंट्यांची. जाऊबाईंविषयी जे पन्नास वर्षे मनात आहे ते सांगायचे असेल, तर त्या हयात असताना त्यांनाच सांगावे. मागे ठेवलेल्या आवाजाला कोणी उत्तर देऊ शकत नाही, आणि नातवंडांच्या लेखी तेवढेच खरे होऊन बसते.

राहिला प्रश्न मुलगा आणि सुनेचा. "अभद्र बोलू नका" असे ते म्हणतात ते आपल्याला गप्प बसवण्यासाठी नव्हे. ते ऐकण्याचे बळ त्यांना अजून आलेले नाही. त्यांच्याशी मरणाविषयी बोलण्याचा आग्रह धरू नये. "मला अमुक दिवसांच्या आठवणी मुलांसाठी सांगून ठेवायच्या आहेत, तू जरा फोन लावून दे," एवढेच काम सांगावे. काम सांगितले की आपली मुले ते करतात. उपचार करणारे डॉक्टर किंवा पॅलिएटिव्ह केअरची (वेदना व त्रास कमी करणाऱ्या देखभालीची) परिचारिका यांनाही ही इच्छा सांगून ठेवावी, म्हणजे वेदनाशामक गोळीच्या वेळा अशा लावता येतील की दिवसातला थोडा वेळ आपण ताज्या असाल आणि दुखणेही कमी असेल. त्या वेळात दर खेपेला वीस मिनिटांहून जास्त बोलू नये, आणि सुरुवात सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीपासून न करता सर्वांत सोप्या गोष्टीपासून करावी.